पांढऱ्या शर्टांचं कपाट

नाना आरशासमोर उभे होते आणि मी त्यांच्या मागे, हातात मोहरीच्या रंगाची पँट घेऊन.

"ही खाली घालायची?" त्यांनी विचारलं.

"हो. आणि वर हा शर्ट."

शर्टावर बारीक निळी फुलं होती. नानांनी तो हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, आणि वर्गात एखाद्या मुलाने भलतंच उत्तर दिलं की जसे बघायचे तसे त्याच्याकडे बघत राहिले. मग आत गेले आणि घालून आले.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर होता आणि जळगावात नुकती थंडी पडायला लागली होती. मी त्याच दिवशी सकाळी पुण्याहून बसने येऊन पोहोचले होते, दोन मोठ्या पिशव्या घेऊन. त्या आठवड्यात नानांचा फोन आला होता. एरवी आमचं बोलणं ठरलेलं असायचं: जेवलीस का, गुडघा कसा आहे, पाणी आलं का. त्या दिवशी मात्र ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "मला जरा कपडे घ्यायचे होते. तू येशील का?"

मी घाबरलेच. माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी कपडे घेतले नव्हते. ते आपोआप यायचे. आई दर दिवाळीच्या आधी पांढरं पॉपलिन आणायची, आमच्या गल्लीच्या टोकाच्या शिंप्याकडे टाकायची आणि नाना आलेले शर्ट घालायचे. पांढरा शर्ट, चॉकलेटी पँट. नाना हायस्कुलात गणित शिकवायचे. आमचं आडनाव भंगाळे. तेव्हा मुलांनी त्यांचे बगळे सर केले यात मुलांना फार डोकं लावावं लागलं नसेल. नानांना ते माहीत होतं. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी स्वतःच सांगितलं, की बगळ्याला एका पायावर उभं राहता येतं, मला शेवटच्या तासाला दोन्हीवरही येत नसे.

आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी एकुलती एक. नानांना पुण्याला चला म्हटलं की ते हो म्हणायचे आणि यायचे नाहीत.

आणि माझं कामच कपड्यांचं. आमच्या कंपनीची राज्यभर दुकानं होती. त्यात पुरुषांच्या विभागात कोणत्या हंगामात काय ठेवायचं, हे ठरवणाऱ्या चौघांत मी होते. कपाट कसं भरावं यावर मी गिऱ्हाइकांपुढे बोलायचेही. माझा एक ठोकताळा होता. दहा कपड्यांपैकी सात कायमचे असावेत, तीन हंगामाचे. सातांमुळे माणूस ओळखू येतो, तिनांमुळे ताजा दिसतो. लोकांना हे आवडायचं. काही जण लिहून घ्यायचे.

नानांना मी हे आल्या आल्या चहाबरोबरच ऐकवलं होतं.

"हे प्रमाण कशावरून काढलं?" ते म्हणाले.

"अनुभवावरून."

"म्हणजे सिद्धता नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "माझे दहाच्या दहा कायमचेच आहेत. तेव्हा तुझ्या हिशोबाने तीन जागा रिकाम्या करायला हव्यात."

कशासाठी हवेत कपडे, असं विचारलं तर म्हणाले, उद्या भुसावळला एक कार्यक्रम आहे. मला वाटलं, जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार ठेवला असेल. त्यांचे विद्यार्थी भुसावळ रेल्वेत पुष्कळ होते. मी पुढे विचारलं नाही. मला उत्साहच इतका चढला होता की बाकी काही दिसत नव्हतं. इतकी वर्षं मी परक्या लोकांच्या वडिलांना कपडे घालत होते, आणि आता माझे स्वतःचे वडील हातात सापडले होते.

ते मोहरी रंगाची पँट आणि फुलांचा शर्ट घालून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले, कवायतीला उभे असल्यासारखे.

"कसा दिसतो?"

हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, तरुण दिसता.

"तरुण नको," नाना म्हणाले. "चालेल असा दिसू दे."

मी फोनवर त्यांचा फोटो काढला आणि दाखवला. नानांनी फोन लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

"हे गृहस्थ कोण?"

मला हसू फुटलं आणि मग त्यांनाही. पिशव्यांमधलं एकेक काढत आम्ही दुपार घालवली. शेवाळी रंगाचं जाकीट झालं, बिनमोज्यांचे बूट झाले, अंगाला घट्ट बसणारा काळा शर्ट झाला. नानांनी प्रत्येक गोष्ट निमूटपणे घालून दाखवली. एखादी गोष्ट फारच विचित्र असली की ते म्हणायचे, "हे एखाद्या होतकरू माणसाला दे." शेवटी पलंगावर ढीग झाला आणि कपाटातले पांढरे शर्ट होते तिथे, होते तसेच लटकत राहिले. माझ्या कपड्यांपैकी एकही नानांना चालला नव्हता. वाईट याचं वाटलं की मलाही चालला नव्हता. हे सगळं मीच निवडलेलं होतं, दुकानात हातोहात खपत होतं, पण नाना त्यात नव्हते.

"आपण बाजारात जाऊ," मी म्हटलं.

ऊन उतरल्यावर आम्ही गेलो. नाना बाजारात भाजी घेताना जसे पुढे पुढे चालतात तसे इथे चालेनात. माझ्या मागे राहिले. दोन दुकानं झाली. तिसऱ्या दुकानात मी दुकानदाराशी कापडाबद्दल बोलत होते आणि मागे वळून पाहिलं, तर नाना कोपऱ्यातल्या एका घडवंचीपाशी थांबले होते. तिथे जुना माल काढून ठेवला होता. त्यांच्या हातात मोरपंखी रंगाचा एक शर्ट होता, अंगावर बारीक चौकडा. ते त्याची बाही अंगठा आणि बोटात धरून चाचपत होते.

मी जवळ गेले आणि जे तोंडात येतं ते बोलून गेले. म्हटलं, नाना, ही कॉलर केवढी आहे बघा, असली आता कोणी घालत नाही, रंगही जुना. त्यांनी मान डोलावली, शर्ट खाली ठेवला, घडी नीट केली. आम्ही पुढे गेलो. मी दोन-तीन शर्ट काढून दाखवले. त्यांनी पाहिले. आणि मग आपण कुठे निघालो आहोत हे माहीत नसल्यासारखे चालत परत त्या घडवंचीपाशी जाऊन उभे राहिले.

"असा एक होता माझ्याकडे," ते म्हणाले.

समोर उसाच्या रसाचं दुकान होतं. थंडीत रस नको म्हणत नानांनीच दोन ग्लास सांगितले आणि बाकावर बसून मला ती हकिकत सांगितली. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात त्यांनी सुरतेहून आलेल्या एका माणसाकडून मोरपंखी शर्ट घेतला होता. असा शर्ट तेव्हा आख्ख्या शाळेत कोणाकडे नव्हता. तो घालून ते आईला बघायला गेले. आई तेव्हा काही बोलली नाही. लग्नानंतर मात्र पहिल्या महिन्यातच तिने दोन पांढरे शर्ट शिवून आणले आणि म्हणाली, मास्तराला पांढरं शोभतं. मोरपंखी शर्ट तिने बोहारणीला दिला आणि त्यावर एक पातेलं घेतलं.

"ते पातेलं अजून आहे," नाना म्हणाले. "दूध त्यातच तापवतो मी."

"तुम्हाला वाईट वाटलं होतं?"

नाना रसाच्या ग्लासात बघत राहिले. "पातेलं चांगलं होतं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, मी विचारलेलं नसताना, "मला पांढरं आवडायचं नाही असं नाही, हेमा. तिला आवडायचं. मग मलाही आवडायला लागलं. ते कधी, हे काही सांगता यायचं नाही."

आम्ही मोरपंखी शर्ट घेतला. त्याच्यावर चालेल अशी एक साधी राखाडी पँट मी निवडली. दुकानदाराने घडीवर घडी घालून पिशवीत भरलं तेव्हा नानांनी ती पिशवी माझ्याकडे न देता स्वतः धरली, घरापर्यंत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. नाना तयार होऊन आले. दाढी गुळगुळीत, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. शर्ट त्यांना खरंच शोभत होता. माझ्या धंद्याच्या दृष्टीने तो चुकीचाच होता, पण त्यात नाना होते. मी तसं सांगणार, तेवढ्यात ते म्हणाले, "हेमा, बस जरा."

मी गॅस बारीक केला आणि बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी आले होते त्यासाठी, पण तपासणीच्या पुढच्या खेपांना ते एकटेच जायचे. तिथे भुसावळच्या एक बाई यायच्या. मालतीबाई झांबरे. पोस्टातून निवृत्त झालेल्या, यजमान जाऊन पाच-सहा वर्षं झालेली. यांचा डावा डोळा बांधलेला, त्यांचा उजवा. दोघं बाकावर शेजारी बसायचे आणि फळ्यावर कितवा नंबर लागलाय ते एकमेकांना विचारायचे, कारण एकाला इकडचं दिसायचं नाही आणि दुसऱ्याला तिकडचं. मग डोळे बरे झाले. पण फोन सुरू राहिले. रोज संध्याकाळी.

"रोज?" मी म्हटलं.

"रोज," नाना म्हणाले. "काही विशेष नसतं. काय भाजी केली, एवढंच."

मग ते म्हणाले, की मालतीबाईंनी आपल्या मुलाच्या कानावर हे घातलं आहे. तो भला मुलगा आहे. आज त्यानेच जेवायला बोलावलं आहे. एकदा बघू म्हणाला.

"कोणाला बघू?"

"मला." त्यांनी शर्टाच्या पुढच्या बाजूवरून हात फिरवला. "माझा दाखवण्याचा कार्यक्रम आहे, म्हण."

त्यांनी ते मला हसवायला म्हटलं होतं. मी हसले नाही. मागे चहा उतू गेला, त्याचा वास आला. मी उठून गॅस बंद केला आणि ओटा पुसायला लागले. ओटा पुसून झाला तरी पुसत राहिले. काल दिवसभर मी ज्या माणसाला नटवत होते, तो माझ्या आईच्या घरातून दुसरीकडे जायला नटत होता, आणि ते मला कळलं नव्हतं. ही माझी तेव्हाची समज. आणि त्या समजुतीतच, मागे न वळता, मी म्हटलं, "मग पांढराच घाला."

"पांढरा?"

"आईने शिवून घेतलेला. तुम्ही तसेच आहात ना? मग तसेच बघू दे त्यांना."

नानांची पावलं आत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, तारेवर हँगर सरकल्याचा आवाज आला. मी कप विसळले. पुन्हा चहा टाकला. ते परत आले तेव्हा पांढऱ्या शर्टात होते आणि दारातच उभे राहिले, आत येऊ की नको अशा बेताने.

मागच्या दारातून ऊन थेट त्यांच्या गळ्यावर पडलं होतं. काल दिवसभर मी ते शर्ट लांबून पाहिले होते, एका ओळीत लटकलेले, सगळे सारखे. जवळून एकही पाहिला नव्हता. आता दिसलं. कॉलरची कड पार विरली होती. आतलं कडक कापड बाहेर डोकावत होतं आणि गळ्याच्या मागे दोरे सुटले होते. मी जाऊन बोटाने चाचपलं. कापड पाहिलं की माझं बोट आधी पुढे होतं. शिवण पाहिली आणि ओळखली. आईची होती. कॉलर झिजली की ती स्वतः उसवायची, उलटी करायची आणि मशीनवर पुन्हा बसवायची. शर्टाला नवं आयुष्य मिळायचं.

मी खोलीत जाऊन कपाटातला दुसरा शर्ट काढला. तिसरा काढला. सगळे तसेच होते. इस्त्री कडक, बटणं जागच्या जागी, आणि कॉलरी विरलेल्या.

नाना माझ्या मागे येऊन उभे होते.

"नवे का नाही शिवले?" मी विचारलं.

"कापड ती आणायची."

"पण नाना, तीन वर्षं."

"गेलो होतो मी," ते म्हणाले. "पहिल्याच दिवाळीला. दुकानात जाऊन पांढरं पॉपलिन मागितलं. त्याने विचारलं, कोणतं दाखवू? त्याच्याकडे सात-आठ जातीचं होतं. आणि मला माहीतच नव्हतं ती कोणतं घ्यायची. मग म्हटलं, नंतर येतो."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, की निदान कॉलरी उलटवून घ्यायच्या होत्या, शिंप्याने करून दिल्या असत्या.

"उलटवलेल्याच आहेत त्या," नाना म्हणाले. "कॉलरला दोनच बाजू असतात, हेमा."

त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं, गणितातली एखादी गोष्ट सांगावी तसं. त्यात तक्रार नव्हती. मग म्हणाले, "तू म्हणशील तर मी फोन करतो. तब्येत बरी नाही म्हणून सांगतो. ते लोक समजूतदार आहेत."

मोरपंखी शर्ट त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. टाकला म्हणजे कसा, दोन्ही खांदे जुळवून, सुरकुती न पडू देता. मी तो उचलला, झटकला आणि बाह्या पसरून त्यांच्यापुढे धरला. लहानपणी मी शाळेला निघताना ते माझा स्वेटर असा धरायचे.

"उशीर होतोय," मी म्हटलं.

नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पांढऱ्या शर्टाची बटणं काढायला लागले. वरची दोन मी काढली. मोरपंखी शर्ट घालून झाल्यावर मी त्याच्या बाह्या कोपराखाली दोनदा दुमडल्या. तेवढीच काय ती त्या वर्षीची फॅशन मला त्यांना लावता आली.

एसटीने साकेगाव मागे टाकल्यावर नाना एकदम म्हणाले, "त्यांचं भरीत तुझ्या आईसारखं नसतं हं. मिरची कमी घालतात."

"तुम्ही कधी खाल्लंत?"

"डब्यातून आलं होतं," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मालतीबाईंचं घर गावाच्या जरा बाहेर, नव्या वस्तीत होतं. अंगणात त्यांचा मुलगा पराग कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत बसला होता. आम्हाला पाहून तो हात झटकत उठला, नानांच्या पाया पडला आणि धुराने लाल झालेल्या डोळ्यांनी त्यांना नीट बघायला लागला. बघायलाच तर बोलावलं होतं. सून, श्वेता, पाण्याचे पेले घेऊन आली. आणि तिच्या मागून मालतीबाई आल्या.

त्यांच्या अंगावर गुलाबी जाळीची साडी होती, भरगच्च टिकल्यांची. त्या वर्षी ती सगळीकडे दिसत होती, आमच्या दुकानाच्या बायकांच्या विभागातही. मालतीबाई उंच, सडपातळ, केस पूर्ण पिकलेले. त्या साडीत त्या इतक्या अवघडून उभ्या होत्या की जणू कोणी जरा धक्का लावला तर सगळ्या टिकल्या खाली पडतील. त्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी पांढऱ्या शर्टाची वाट बघत होते," मालतीबाई म्हणाल्या.

"आणि मी तुम्हाला ओळखलंच नाही," नाना म्हणाले.

मग मालतीबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावावा म्हणून त्यांनी तो उचलला, तर टिकल्या टोचल्या, त्यामुळे आणखीच हसायला लागल्या. श्वेता गोरीमोरी होऊन म्हणाली, की मीच आग्रह केला, आजच्या दिवशी आईंनी जरा छान दिसावं म्हणून. मी तिला म्हटलं, माझ्याकडेही घरी अशा दोन पिशव्या पडल्या आहेत. ती पहिल्यांदा मोकळं हसली.

पुढचं फार लांबवत नाही. नाना पसंत पडले. चैत्रात त्या दोघांनी मोजक्या माणसांत लग्न केलं. काही महिने जळगावला, काही महिने भुसावळला, असं त्यांचं अजून चाललं आहे. परागने नानांना गाडी चालवायला शिकवायचा घाट घातला होता, तो मात्र त्याला सोडून द्यावा लागला. पण तो रविवार म्हटला की मला त्यातलं काही आठवत नाही. आठवते ती आतली एक खोली.

हसणं ओसरल्यावर मालतीबाईंनी माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जरा आत येतेस? या साडीला इतक्या पिना लावल्यात, माझ्या एकटीच्याने सुटायच्या नाहीत."

मी त्यांच्या मागे गेले. त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्या खांद्यावरच्या, पाठीमागच्या, कमरेच्या पिना एकेक काढायला लागले. तोवर आम्ही एकमेकींशी दोन वाक्यंही बोललो नव्हतो. त्यांच्या मानेला पावडरचा वास येत होता. एका ठिकाणी पीन ब्लाउजमध्ये अडकली होती, तेव्हा त्या श्वास रोखून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ किती हडकुळी आहे ते मला दिसलं. माझ्यासमोर त्या माझ्याइतक्याच घाबरलेल्या होत्या, हेही.

साडी सुटल्यावर त्यांनी कपाट उघडलं. "कोणती नेसू? तूच सांग. तुझं तर कामच आहे, सर सांगत असतात."

कपाटात बहुतेक सुती साड्या होत्या, घड्या एकावर एक, मधे दोन-तीन रेशमी. मी त्यावरून हात फिरवला. एका ठिकाणी बोट थांबलं. डाळिंबी रंगाची, बारीक काठाची, धुऊन धुऊन अगदी मऊ झालेली. ती पाच वर्षांपूर्वीही चांगली दिसली असती आणि आणखी दहा वर्षांनीही दिसली असती. मी ती काढून त्यांच्या हातात दिली.

मालतीबाईंनी घडी दोन्ही हातांवर घेतली आणि तशाच उभ्या राहिल्या.

"ही नको का?" मी विचारलं.

"ही आमच्या ह्यांनी आणलेली," त्या म्हणाल्या. "त्यांची शेवटची दिवाळी होती."

मी पटकन ती परत घ्यायला हात पुढे केला आणि म्हटलं, की दुसरी बघू, ती निळी पण छान आहे. पण त्यांनी घडी सोडली नाही.

"नको," त्या म्हणाल्या. "हीच असू दे. आज जेवायला तेही असू देत."

त्या साडी नेसायला लागल्या. मी पलंगाच्या कडेवर बसले. बाहेर पराग नानांना काहीतरी विचारत होता आणि नाना सविस्तर उत्तर देत होते. भाजलेल्या वांग्यांचा वास खोलीपर्यंत आला होता.

"तुझी आई काय नेसायची गं?" मालतीबाईंनी विचारलं.

तीन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. लोक आजार विचारायचे, शेवटी त्रास झाला का ते विचारायचे. मी सांगायला लागले. की आईला नानांच्या अंगावर पांढरं लागायचं, पण स्वतःला गडद रंग हवे असायचे. वांगी रंग, मेंदी रंग, जर्द लाल. की बांगड्या साडीला जुळणाऱ्याच हव्यात म्हणून ती चाटे गल्लीतल्या कासाराकडे अर्धा अर्धा तास बसायची. की रविवारी ती साधी, खळीच्या वासाची साडी नेसायची आणि कपाळावरचं कुंकू मात्र नेहमीपेक्षा मोठं लावायची, का ते कोणालाच माहीत नव्हतं. मालतीबाई मधेच विचारायच्या, काठ केवढे? पदर उजवा की डावा? आणि मी सांगत राहिले.

निऱ्या खोचून झाल्यावर त्यांनी खाली वाकून पाहिलं. पुढच्या दोन निऱ्या वर राहिल्या होत्या.

"थांबा," मी म्हटलं.

मी त्यांच्या पायांशी फरशीवर बसले. निऱ्यांची खालची टोकं बोटांत धरली, एकीवर एक बसवली आणि हलकेच खाली ओढून सारखी केली. आईच्या करायचे तशा.

"झालं?" वरून त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं. "चला, जेवायला जाऊ."